ईस्टर : मातीतून उगवणारा आनंद



माझे नेहमीचे काम म्हणजे तुम्हाला बियाणे, खते, कीड आणि पाणी यांविषयी चार गोष्टी सांगणे. आज मात्र मी एका सणाविषयी लिहिणार आहे. आपल्या आष्टी-परतूरच्या बाजूला हा सण फारसा कोणाच्या परिचयाचा नाही. त्याचे नाव ईस्टर. आपल्यापैकी बहुतेकांना 'गुड फ्रायडे' ठाऊक असतो, कारण त्या दिवशी बँक आणि कचेरी बंद असते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी येणारा ईस्टरचा रविवार मात्र लक्षात राहत नाही, कारण रविवारी कचेरी एरवीही बंदच!

नाताळ आपण सारे ओळखतो. शहरात दुकानांवर तारे लागतात, शाळेत मुलांना खाऊ मिळतो. पण एखाद्या कॅथलिक माणसाला विचारा की तुमचा सर्वांत मोठा सण कोणता? तो ईस्टरचे नाव घेईल. ज्या येशू ख्रिस्ताला शुक्रवारी क्रुसावर खिळून मारले, तो तिसऱ्या दिवशी पहाटे कबरीतून उठला, ही त्यांची श्रद्धा आणि तिचा हा सण. त्यालाच पास्काचा सण किंवा पुनरुत्थानाचा सण असेही म्हणतात.

मी स्वतः वारकरी घरातला. कोणी कोणता धर्म पाळावा हे सांगायला मी बसलेलो नाही. पण ज्या वर्षी आमच्या घरावर काळोख पसरला होता, त्या वर्षी एका कॅथलिक शेतकऱ्याच्या अंगणात मला एक गोष्ट कळली. ती तुमच्या घरातही कधी उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

चंद्रावर चालणारा सण

प्रथम या सणाची तिथी कशी ठरते ते पाहू. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला असतो. ईस्टरची तारीख मात्र बदलत राहते. २०२४ साली तो ३१ मार्चला आला, २०२५ साली २० एप्रिलला. याचे कारण असे, की हा सण चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दिवसांतच पडतो. आपल्या हिशेबाने सांगायचे तर कधी होळीच्या पौर्णिमेनंतर, तर कधी हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर. पंचांग पाहून पेरणीचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याला हे चटकन उमगेल.

ज्यूंचा वल्हांडणाचा सण वसंतातल्या पौर्णिमेलाच येतो आणि येशूचा मृत्यू त्याच सणाच्या दिवसांत झाला. म्हणून ईस्टरचाही पौर्णिमेशी असा संबंध जुळला आहे.

ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात आणि तू माती आहेस, मातीला मिळशील, याची आठवण देतात. मधले रविवार उपवासात धरत नाहीत. या काळात लग्नकार्ये टाळतात, शुक्रवारी मांस वर्ज्य असते आणि खाण्यापिण्यातून वाचलेला पैसा गरिबांसाठी काढून ठेवतात. आपल्या श्रावणासारखाच हा काळ समजा.

आमची मोसंबीची बाग

आता मी माझ्या घरची हकिकत सांगतो. २०१२-१३ चा दुष्काळ तुम्ही विसरला नसाल. आपल्या जालना जिल्ह्याने त्याचा सर्वांत कडक तडाखा सोसला. ज्या मोसंबीसाठी आपल्या जिल्ह्याचे नाव दूरवर घेतले जाते, त्या मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. आमच्या नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बाग त्यांतच गेली. विहिरीने तळ दाखवला. टँकरचे विकत पाणी घालून दोन महिने झाडे धरून ठेवली, मग पैसा संपला. मी कृषी विस्तार अधिकारी. गावोगाव फिरून लोकांना आच्छादन करा, ठिबक लावा, फळे काढून झाडाचा भार कमी करा असे सांगत होतो. घरच्या बागेत ते सारे केलेही. पण पाणीच नसेल तर सल्ला झाडाला पाजता येत नाही. २०१३ च्या मे महिन्यात नानांनी स्वतः उभे राहून झाडे तोडून घेतली. सरपण म्हणून ती विकली गेली.

त्यानंतर नाना शेताकडे जाईनासे झाले. ओसरीवर बसून राहायचे. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, रब्बी जोमात आली, तरी ते बांधावर गेले नाहीत. पुढे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. हाताशी आलेला गहू, हरभरा, ज्वारी आडवी झाली. मी पंचनामे करीत फिरत होतो. घरोघर तीच मुकी माणसे, तीच नानांसारखी नजर. बाया विचारायच्या, "साहेब, आता पुढं कसं?" मी कागदावर क्षेत्र आणि टक्केवारी लिहीत असे. त्या प्रश्नाला माझ्या कागदावर रकानाच नव्हता.

समाचाराला गेलो, तो सण निघाला

वसईचा एक मित्र मला एका प्रशिक्षणवर्गात भेटला होता. तोही शेतकऱ्याचा मुलगा आणि आमच्याच खात्यातला. त्या जानेवारीत त्याचा थोरला भाऊ अपघातात गेला. घरची वाडी तोच पाहत असे. मला समाचाराला जाणे जमले नव्हते. एप्रिलमध्ये निवडणुकीचे काम आटोपले आणि रजा मिळाली. मी फोन केला तेव्हा मित्र म्हणाला, "शनिवारी ये. रविवारी ईस्टर आहे." मी संकोचलो. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की वर्षभर सण करीत नाहीत. शोकाच्या घरी सणाच्या दिवशी कसे जावे? तो म्हणाला, "त्याच दिवशी ये."

शुक्रवारी रात्री परतूरला गाडी धरली आणि शनिवारी वसईला उतरलो. स्टेशनच्या बाजूला नुसत्या इमारती. पश्चिमेकडे समुद्राच्या दिशेने गेल्यावर मात्र केळी, पानवेली, चाफा आणि भाजीचे वाफे दिसू लागले. शेताशेजारी गोड्या पाण्याची तळी, त्यांना तिथे बावखल म्हणतात. वसईच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या भाजी, फुले, पाने आणि केळी पिकवून मुंबईला पुरवली. आज शहर वाढत वाढत या वाड्यांच्या कुंपणापर्यंत आले आहे. एकेक बावखल बुजत चालले आहे. तिथल्या शेतकऱ्याचे दुःख आपल्यापेक्षा वेगळे असेल, पण लहान नाही.

वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचे राज्य होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज गेले. पण तिथल्या कुपारी, वाडवळ, कोळी समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांनी आपली श्रद्धा जपली आणि आपली मराठीही सोडली नाही. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये कॅथलिकांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिच्यानंतर लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना होऊ लागली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. सुबोध मराठीत बायबल आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैमध्ये ते निवर्तले.

ख्रिस्ती कथा मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. १५७९ साली ते गोव्याला आले. त्यांनी आपल्या मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते गोव्यात राचोल येथे छापले गेले. म्हणजे तुकोबाराय ऐन लहान वयाचे होते तेव्हा येशूची कथा ओवीतून लोकांच्या कानी पडत होती. आपल्या मराठवाड्यातही कॅथलिक शेतकरी कुटुंबे आहेत. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे १९७७ साली त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाऊलीची यात्रा तर तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही असेल.

गुरुवार, शुक्रवार, आणि मुका शनिवार

मी पोहोचलो त्या आधीचे दोन दिवस कसे गेले, ते मित्राने सांगितले.

गुरुवारी संध्याकाळी धर्मगुरू गुडघ्यावर बसून बारा जणांचे पाय धुतात. मरणाच्या आदल्या रात्री येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पूर्वी या बारांत पुरुषच असत. २०१६ पासून स्त्रियांनाही बसवण्याची मुभा पोप फ्रान्सिस यांनी दिली. हे ऐकून मला आपली खांदेमळणी आठवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतो. जो राबतो त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी वाकावे, हे शहाणपण दोन्हीकडे आहे.

शुक्रवारी मिस्सा होत नाही. वेदीवरचे कापडही काढून ठेवतात. लोक क्रुसाची वाट चालतात. येशूला शिक्षा झाल्यापासून कबरीत ठेवीपर्यंतचे चौदा मुक्काम करीत, प्रत्येक ठिकाणी थांबून प्रार्थना करतात. दुपारी तीनच्या सुमारास क्रुसाला ओठ लावून वंदन करतात.

शनिवार मी स्वतः पाहिला. त्या दिवशी काहीच नसते. गुरुवारपासून घंटा वाजलेली नसते. चर्च उघडे, पण रिकामे. मित्राच्या घरीही बोलणे बेताचेच. मी त्याच्या आईजवळ बसलो. कसा आहेस, पाऊसपाणी कसे, एवढे विचारून त्या गप्प झाल्या. भिंतीवर थोरल्याचा फोटो होता. मला वाटले, काहीतरी समजुतीचे बोलावे. मित्राने डोळ्यांनीच खुणावले, राहू दे.

नंतर तो म्हणाला, "आजचा दिवस गप्प राहण्याचाच आहे. काल मेला आणि उद्या उठणार हे आज आम्हाला माहीत आहे. पण त्या पहिल्या शनिवारी त्याच्या आईला, त्याच्या सोबत्यांना ते माहीत नव्हते. त्यांच्यासाठी सारे संपले होते. म्हणून हा दिवस आम्ही घाईने उरकत नाही."

बंधूंनो, मला नाना आठवले. मी वर्षभर त्यांना घाई करीत होतो. उठा, चला, नवीन योजना आली आहे, अनुदान आहे. त्यांचा शनिवार मी त्यांना पुरा भोगूही दिला नव्हता.

अंधारातला जाळ

रात्री साडेदहाच्या सुमारास आम्ही चर्चला गेलो. पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते, त्यामुळे चंद्र उशिरा उगवणार होता. आतले-बाहेरचे सारे दिवे मालवले होते. पटांगणात माणसेच माणसे, पण आवाज नाही. तिथे लाकडे रचून नवा जाळ केला. धर्मगुरूंनी त्याला आशीर्वाद दिला. मग पास्काची मोठी मेणबत्ती आणली. तिच्यावर क्रूस आणि त्या वर्षाचे आकडे कोरतात आणि येशूच्या पाच जखमांची आठवण म्हणून धुपाचे पाच खडे बसवतात. त्या जाळावर ती पेटवली आणि अंधाऱ्या चर्चमध्ये नेली. आत जाताना तीन वेळा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष होतो.

पुढचे दृश्य मी विसरणार नाही. त्या एका ज्योतीवरून पुढच्या चार-दोघांनी आपल्या बारीक मेणबत्त्या लावल्या. त्यांच्यावरून शेजाऱ्यांनी, त्यांच्यावरून मागच्यांनी. माझ्या हातातही कोणी एक दिली होती. एका अनोळखी म्हाताऱ्याने आपली मेणबत्ती वाकडी करून माझी लावून दिली. बघता बघता सारे चर्च उजळले. विजेचा एकही दिवा लागलेला नव्हता. ज्योत वाटली म्हणून पहिली ज्योत काही कमी झाली नाही.

त्यानंतर पास्काची घोषणा गातात. तिच्या प्राचीन लॅटिन पाठात मेण गोळा करणाऱ्या मधमाश्यांच्या श्रमाचीही आठवण आहे. एवढ्या मोठ्या सणात एवढ्याशा माशीला मान! परागीभवनावर व्याख्याने देणाऱ्या माझ्यासारख्याला ते ऐकून बरे वाटले.

मग जुन्या करारातील वाचने होतात. जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात, नंतर गुलामीतून सुटलेले लोक समुद्र ओलांडतात ती कथा. वाचने संपली की तीन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजू लागतात, दिवे लागतात आणि आलेलूयाचा गजर होतो. हा शब्द उपवासाच्या चाळीस दिवसांत कोणी उच्चारलेला नसतो. त्यानंतर पाण्याला आशीर्वाद देतात. मोठ्या माणसांचे स्नानसंस्कार असले तर ते याच रात्री होतात आणि बाकीचे आपल्या स्नानसंस्काराची वचने नव्याने घेतात. आमच्यासारख्या कोरड्या मुलखातून आलेल्याला त्या पाण्याकडे पाहताना जे वाटले ते काय सांगू!

कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळीच उरकला जाई. दिवसाउजेडी मेणबत्ती लावण्यात काय अर्थ? १९५१ साली पोप पायस बारावे यांनी तो पुन्हा रात्री करण्यास परवानगी दिली आणि १९५६ पासून तो सर्वत्र रात्री होऊ लागला. उजेडाची किंमत अंधारातच कळते.

आई काय म्हणाल्या

घरी परतलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. मित्राच्या आईने चर्चमधून आणलेली जळती मेणबत्ती वाऱ्यापासून जपत आणली होती. ती त्यांनी थोरल्याच्या फोटोपुढे ठेवली. मग म्हणाल्या, "चला, खाऊन घ्या." सकाळसाठी तांदळाच्या भाकरी आणि मटणाची तयारी होती. नातवंडांसाठी साखरेची रंगीत अंडी आणून ठेवली होती. अंडे हे कबरीचे चिन्ह. बाहेरून दगडासारखे निर्जीव, पण आत जीव. कोंबडी खुडूक बसवली की एकविसाव्या दिवशी कवच फोडून पिलू बाहेर येते, हे आपल्या घरातल्या बायांना सांगायला नको.

माझ्याने राहवले नाही. मी विचारले, "आई, रागावू नका. पण घरात एवढे झाल्यावर सण कसा करवतो? आमच्याकडे वर्षभर करीत नाहीत."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळा, नाताळ कोणीही करील. ज्याच्या घरी मरण आले, त्याचाच हा सण आहे."

मी काही बोललो नाही. त्याच पुढे म्हणाल्या, "दुःख गेले असे नाही. तो उठला तेव्हा त्याच्या हाताच्या जखमा तशाच होत्या. थोमाने त्या पाहिल्या. जखमा पुसून उठला असता, तर तो माझ्या काय कामाचा?"

एवढेच. त्या उठून आत गेल्या. पुनरुत्थानाचा अर्थ मी नंतर पुस्तकांतही वाचला, पण याहून सोप्या शब्दांत मला कोठे मिळाला नाही.

हा आनंद गाजावाजा का करीत नाही?

तुम्ही विचाराल, मेलेला माणूस उठला, ही तर केवढी मोठी बातमी! मग हा आनंद असा शांत कसा? याचे उत्तर शुभवर्तमानातच आहे. उठलेला येशू कोणाकोणाला भेटला ते पाहा. ज्या सुभेदाराने त्याला शिक्षा दिली, त्याच्या वाड्यावर जाऊन त्याने आपला विजय मिरवला नाही. त्याचे पहिले दर्शन एका रडणाऱ्या बाईला झाले. पहाटेच्या अंधारात मरिया मग्दालिया कबरीवर गेली होती. ती कबर एका बागेत होती. समोर उभ्या असलेल्या माणसाला ती बागेचा माळी समजली. त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखले. कॅथलिकांचा देव उठल्यावर पहिल्यांदा माळी वाटला, ही गोष्ट आपल्यासारख्या माती उकरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी! ही बातमी इतरांना सांगायची कामगिरीही त्या बाईवरच सोपवली गेली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

त्याच दिवशी दोन शिष्य खिन्न मनाने गावाकडे पायी निघाले होते. एक वाटसरू त्यांच्याबरोबर चालू लागला. दिवस कलला तेव्हा त्यांनी त्याला आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतले. जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडली आणि त्या मोडण्यावरून त्यांनी त्याला ओळखले. पुढे एकदा रात्रभर मासे न मिळालेल्या कोळ्यांना तो पहाटे तळ्याकाठी दिसला. त्याने निखाऱ्यावर मासे भाजून ठेवले होते आणि त्यांना न्याहारीला बोलावले.

बाग, वाट, भाकर आणि चूल. एवढ्या साध्या जागी हा आनंद येतो. जो तिथे शोधतो त्याला तो सापडतो. आणि तो एका दिवसात संपत नाही. उपवास चाळीस दिवसांचा असतो, तर ईस्टरचा काळ पन्नास दिवस चालतो.

बी मरते म्हणजे काय?

मरणापूर्वी येशूने शेतकऱ्याला कळेल असा एक दृष्टान्त दिला होता. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, असा त्याचा आशय. माझ्यातला कृषी पदवीधर या ठिकाणी नेहमी अडत असे. शास्त्राने पाहिले तर मेलेले बी उगवत नाही. म्हणून तर पेरणीपूर्वी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवणशक्ती तपासतो आणि सोयाबीनचे सत्तर तरी उगवले पाहिजेत असा निकष धरतो. बियाण्यांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या जालन्याच्या माणसाला हे शिकवायला नको.

पण उगवल्यानंतर आठ-दहा दिवसांनी गव्हाचे रोप हळूच उपटून पाहा. मुळाशी दाण्याचे टरफल लोंबत असते. चिमटीत दाबा, आत काही नसते. साठवलेले सारे पीठ त्याने कोंबाला देऊन टाकलेले असते. कोठीत सुरक्षित राहिलेला दाणा दाणाच राहतो आणि शेवटी त्याला टोके लागतात. जो मातीआड गेला, त्याचे दाणेपण संपले, पण तो ओंबी झाला. येशू मरण म्हणतो ते हे. दाण्याला माती चुकवून ओंबीपर्यंत जाण्याचा रस्ता नाही. दुःखाला बगल देऊन जाणारा ईस्टरही नाही.

घरी परतल्यावर

सोमवारी मी गावी आलो. रात्री ओसरीवर नानांजवळ बसलो आणि वसईची सारी हकिकत सांगितली. या वेळी योजना सांगितली नाही, अनुदान सांगितले नाही. नाना काही बोलले नाहीत. मीही घाई केली नाही, गप्प बसून राहिलो. असे आम्ही बरेच दिवस नुसते बसत होतो.

एका संध्याकाळी त्यांनीच विचारले, "जखमा तशाच होत्या, असं म्हणली का ती माय?" मी म्हटले, "हो." दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा नाना ओसरीवर नव्हते. शेतात गेलो, तर जुन्या बागेच्या जागी उभे होते.

त्या पावसाळ्यात आम्ही साठ कलमे लावली. पूर्वीची बाग चारशे झाडांची होती. पुढची दोन वर्षे पुन्हा दुष्काळाची निघाली. मडक्याने पाणी घालून जगवता जगवता साठांतली अडतीस गेली. बावीस जगली. पहिला चांगला बहार आला, तेव्हा नाना हयात नव्हते. पण पानांचा रंग फिरलेला त्यांनी पाहिला होता. पहिल्या तोड्यातील फळे आधी विठोबापुढे ठेवली. मग एक पेटी वसईच्या आईंना पाठवली.

वाचकहो, ज्यांच्या घरचे पीक गेले, माणूस गेले, कर्जाने झोप गेली, अशी घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना उपदेश करायला धावू नका. त्यांचा शनिवार त्यांच्यासोबत बसून काढा. त्यांच्या ओसरीवर जा, चहा घ्या, गप्प बसा. कोणी फारच मिटून गेला असेल, जगण्याविषयी वेडेवाकडे बोलत असेल, तर मात्र त्याला एकटे सोडू नका. घरच्यांना सावध करा, दवाखान्यात सोबत जा. आपली मेणबत्ती विझली असेल तर दुसऱ्याच्या ज्योतीवरून लावून घेण्यात कमीपणा नाही. आणि आपली जळत असेल तर थोडी वाकवून शेजाऱ्याची लावून द्यावी.

पुढच्या ईस्टरला तुमच्या ओळखीचे कोणी कॅथलिक कुटुंब असेल, तर त्यांना पास्काच्या शुभेच्छा जरूर द्या. आणि त्या रविवारी पहाटे जरा लवकर उठून आपल्या शेतात जा. रब्बी निघालेली असेल, रान उघडे पडलेले असेल, वर काही दिसणार नाही. तरीही क्षणभर उभे राहा. मातीआड गेलेले सारेच संपत नाही, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे?